फ्रिक्वेन्सी झटपट बदलायची असेल तर: चिपमधल्या व्हीसीओचं कॅलिब्रेशन आधीच करून कसं ठेवावं

सिंथेसायझर चिपला, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी बनवून देणाऱ्या चिपला, नवी फ्रिक्वेन्सी दिली आणि ती स्थिरावायला २००-३०० मायक्रोसेकंद लागले, की बहुतेकांचा हात आधी लूप फिल्टरकडे, म्हणजे फ्रिक्वेन्सी संदर्भाशी जुळवणाऱ्या फीडबॅक लूपमधल्या फिल्टरकडे, जातो. बँडविड्थ वाढवली जाते, फेज मार्जिन (लूप डळमळू नये म्हणून राखलेली फेजची मोकळीक) पुन्हा काढलं जातं, कपॅसिटर बदलले जातात. एवढं करून जेमतेम दहा-वीस मायक्रोसेकंद वाचतात, कारण वेळ मुळात तिथे जातच नसतो. लूप कामाला लागण्याआधी चिप स्वतःच्या व्हीसीओचा (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरचा) योग्य बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, शोधत असते, आणि बराचसा वेळ तो शोध खातो. गंमत म्हणजे काल, परवा आणि मिनिटभरापूर्वीही त्याच फ्रिक्वेन्सीसाठी तिने हाच शोध घेतलेला असतो, पण उत्तर लक्षात ठेवलेलं नसतं. ते उत्तर आपण वाचून तक्त्यात साठवायचं आणि फ्रिक्वेन्सी बदलताना थेट चिपच्या हातात द्यायचं, एवढीच या पद्धतीची कल्पना. कल्पना सोपी आहे. ती सगळ्या तापमानांना आणि प्रत्येक बोर्डावर बिनचूक चालवायची, तर मात्र बारकावे सांभाळावे लागतात.

शोध नेमका कसला असतो

सिलिकॉनवरच्या एलसी, म्हणजे इंडक्टर-कपॅसिटरच्या, ऑसिलेटरमध्ये इंडक्टर ठरलेला असतो. एकट्या व्हॅरॅक्टरच्या (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणाऱ्या घटकाच्या) बळावर एक ऑक्टेव्ह व्यापायचा म्हटलं, तर एका व्होल्टला काही हजार मेगाहर्ट्झ इतकी ट्यूनिंग संवेदनशीलता लागेल. मग ट्यूनिंगच्या तारेवरचा प्रत्येक मायक्रोव्होल्ट नॉइज थेट फेज नॉइज (सिग्नलच्या फेजची थरथर) होऊन बाहेर पडेल. म्हणून चिपमध्ये अनेक कोर, म्हणजे वेगवेगळ्या पल्ल्याचे ऑसिलेटर, ठेवतात, प्रत्येक कोरला स्विचने जोडायच्या कपॅसिटरची बँक देतात आणि व्हॅरॅक्टरकडे फक्त शेवटचं बारीक काम सोपवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एलएमएक्स २५९४ मध्ये ७.५ ते १५ गिगाहर्ट्झ व्यापायला सात कोर आहेत. कपॅसिटर कोड ० ते १८३ आणि ॲम्प्लिट्यूडचा कोड ० ते ५११ असा आहे. ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडीएफ ४३५१ मध्ये २.२ ते ४.४ गिगाहर्ट्झसाठी तीन कोर आहेत, प्रत्येकात १६ बँड.

कॅलिब्रेशन सुरू झालं की व्हीसीओची ट्यूनिंग पिन लूप फिल्टरपासून तुटते आणि आतल्या एका ठरलेल्या व्होल्टेजला बांधली जाते. मग एक काउंटर ठरावीक कालखंडात व्हीसीओचे ठोके मोजतो. आकडा कमी भरला तर कोड एका बाजूला सरकतो, जास्त भरला तर दुसऱ्या. काउंटरआधी चारने भागणारा प्रीस्केलर आहे आणि मोजणीचा कालखंड १ मायक्रोसेकंद आहे असं धरा. एक ठोका म्हणजे ४ मेगाहर्ट्झ. त्याहून बारीक फरक काउंटरला दिसत नाही. फरक २ मेगाहर्ट्झपर्यंत दिसायला हवा असेल तर कालखंड दुप्पट करावा लागतो. आठ बिटांच्या कोडला आठ प्रयत्न, प्रत्येक प्रयत्नाआधी ऑसिलेटर स्थिरावायला थोडा वेळ, त्यावर ॲम्प्लिट्यूडचा वेगळा शोध, आणि कोर चुकीचा निघाला तर सगळं पहिल्यापासून. कॅलिब्रेशन मंद का असतं, याचं उत्तर या हिशोबात आहे. घाई केली की अचूकता जाते आणि अचूकता हवी असेल तर वेळ द्यावा लागतो.

आधी वेळेचा हिशोब मांडा

तक्ता करायला बसण्याआधी वेळ कुठे कुठे जातो ते वेगवेगळं मोजा. नाहीतर नको त्या जागी आठवडा जातो.

पहिला भाग रजिस्टर लिहिण्याचा. एलएमएक्स २५९४ चा एक शब्द २४ बिटांचा असतो. एसपीआयचं, म्हणजे रजिस्टर लिहिण्याच्या सीरियल जोडणीचं, घड्याळ १० मेगाहर्ट्झ असेल तर एका शब्दाला २.४ मायक्रोसेकंद लागतात आणि सात शब्दांना जवळपास १७. घड्याळ ५० मेगाहर्ट्झ केलं तर हेच काम साडेतीन मायक्रोसेकंदांत उरकतं. दोन शब्दांच्या मधली मायक्रोकंट्रोलरची रिकामी वेळ यात धरलेली नाही. ती बऱ्याचदा प्रत्यक्ष लिहिण्यापेक्षा जास्त असते, म्हणून ऑसिलोस्कोपवर चिप-सिलेक्टची तार पाहून खरा आकडा घ्या. डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याची सोय) वापरून सगळे शब्द एका दमात पाठवता आले तर इथली बचत फुकटची आहे.

दुसरा भाग शोधाचा. एडीएफ ४३५१ मध्ये हा हिशोब अगदी उघड आहे. बँड निवडायला बँड-सिलेक्ट घड्याळाचे दहा ठोके लागतात. पीएफडी (संदर्भाशी तुलना करणारा फेज-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर) २५ मेगाहर्ट्झवर आणि भाजक २०० असेल तर घड्याळ १२५ किलोहर्ट्झ, म्हणजे ८० मायक्रोसेकंद. हीच चिप जलद मोडमध्ये ५०० किलोहर्ट्झपर्यंतचं घड्याळ चालवू देते. भाजक ५० केला की २० मायक्रोसेकंद. म्हणजे दोन रजिस्टरांत बदल करून ६० मायक्रोसेकंद वाचतात, आणि तरीही कित्येक बोर्ड उदाहरणातली जुनी किंमत तशीच घेऊन चाललेले असतात.

तिसरा भाग लूपचा. साधारण पुरेशा फेज मार्जिनच्या, १०० किलोहर्ट्झ बँडविड्थच्या लूपचा काळ-स्थिरांक सुमारे ३.२ मायक्रोसेकंद येतो. बँड बरोबर मिळालेला असेल आणि सुरुवातीची चूक ३ मेगाहर्ट्झ असेल, तर १ किलोहर्ट्झच्या आत यायला ३००० चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे आठ काळ-स्थिरांक, जवळपास २५ मायक्रोसेकंद लागतात. सुरुवातीची चूक १०० मेगाहर्ट्झ असेल तर कागदावर ३७ येतात. प्रत्यक्षात सायकल स्लिप होतात (फेजच्या तुलनेत अख्खे फेरे निसटतात), चार्ज पंप, म्हणजे लूप फिल्टरमध्ये करंट ढकलणारा किंवा ओढणारा भाग, टोकाला जातो आणि आकडा बराच फुगतो. म्हणजे बरोबर कोड दिल्याने शोधाचा वेळ वाचतो आणि लूपचं कामही हलकं होतं.

चिप काय हातात देते ते पाहा

तक्त्याची पद्धत चालायला दोन गोष्टी हव्यात: कॅलिब्रेशननंतर सापडलेले कोर, कपॅसिटर कोड आणि ॲम्प्लिट्यूड वाचता यायला हवेत, आणि ते बाहेरून लादता यायला हवेत. एलएमएक्स २५९४ दोन्ही देते. तिन्ही किमतींसाठी वाचायची वेगळी फील्ड आहेत आणि लादण्यासाठी प्रत्येकी एक ‘फोर्स’ बिट आहे.

एडीएफ ४३५१ मध्ये असं लादता येत नाही. पण तिथे फेज ॲडजस्टचं बिट १ केलं, तर रजिस्टर शून्य लिहिल्यावर बँडचा शोध सुरूच होत नाही. चिप जुन्याच बँडमध्ये राहून नव्या फ्रिक्वेन्सीला लॉक करते, म्हणजे तिच्यावर स्थिरावते. जवळच्या चॅनेलवर उडी मारायला याचा छान उपयोग होतो. ट्यूनिंग संवेदनशीलता एका व्होल्टला ४० मेगाहर्ट्झ धरली तर १० मेगाहर्ट्झची उडी म्हणजे पाव व्होल्ट. लांबच्या उडीला मात्र ते बिट ० करून शोध होऊ द्या.

काही चिपमध्ये मधला मार्गही असतो: सुरुवातीचा कोर आणि कोड अंदाजाने द्यायचा आणि शोध तिथून पुढे सुरू करायचा. शोध पूर्ण टळत नाही, पण बराच आखूड होतो. तापमानाची चिंता नको असेल आणि काही दहा मायक्रोसेकंद परवडत असतील, तर मी हाच मार्ग सुचवेन. त्यात चूक झाली तरी चिप ती स्वतः दुरुस्त करते. पूर्ण लादलेल्या कोडमध्ये ही सोय नाही. तिथे सगळी जबाबदारी आपली.

तक्ता बनवण्याआधीची तयारी

चुकीच्या परिस्थितीत घेतलेलं वाचन पुढे महिनोन् महिने छळतं. बोर्ड सुरू केल्यावर संदर्भ ऑसिलेटर स्थिर झाला आहे का, ते आधी पाहा. टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) उठत असतानाच कॅलिब्रेशन झालं तर काउंटर चुकीच्या मापाने मोजतो, कोड दोन-चार पायऱ्या बाजूला पडतो, लूप तरीही लॉक होतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ट्यूनिंग व्होल्टेज मात्र कडेला जाऊन बसलेलं असतं. चिपमधले व्होल्टेज रेग्युलेटर आणि त्यांच्या पिनांवरचे मोठे कपॅसिटर यांनाही वेळ लागतो. एलएमएक्स २५९४ साठी ठरलेला क्रम असा: रीसेट, सगळी रजिस्टर, मग १० मिलिसेकंद थांबून कॅलिब्रेशनचं बिट पुन्हा एकदा लिहिणं. ती दुसरी वेळ गाळू नका.

शोधाचं घड्याळ या टप्प्यावर मुद्दाम सावकाश ठेवा. तक्ता एकदाच बनवायचा आहे, इथे घाईचं काहीच कारण नाही. प्रत्यक्ष वापरताना ज्या पीएफडी फ्रिक्वेन्सीवर काम करायचं आहे त्याच फ्रिक्वेन्सीवर वाचन घ्या, आणि बोर्ड निदान दहा मिनिटं चालून गरम झालेला असू द्या. चिपचं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर असतं आणि कोड त्या आतल्या तापमानाशी बांधलेला असतो. तापमान सेन्सर असेल तर प्रत्येक वाचनासोबत त्याचा आकडाही नोंदवा.

लूप फिल्टरमधले कपॅसिटर सी०जी, म्हणजेच एनपी०, किंवा फिल्म प्रकारचे आहेत याची खात्री करा. एक्स७आर वापरले तर दोन त्रास होतात. धक्क्याने आणि कंपनाने त्यांत व्होल्टेज तयार होतं, आणि व्होल्टेज बदलल्यावर आत मुरलेला चार्ज सावकाश बाहेर पडत राहतो. फ्रिक्वेन्सी ९९ टक्के जागेवर येते आणि उरलेला एक टक्का मिलिसेकंदभर रेंगाळतो. तक्ता कितीही चांगला असला तरी ही शेपटी जात नाही.

वाचन घेणं

समजा ७.५ ते १५ गिगाहर्ट्झपर्यंत दर १० मेगाहर्ट्झला एक नोंद हवी. ७५१ नोंदी होतात. कोरला ३ बिट, कपॅसिटर कोडला ८, ॲम्प्लिट्यूडला ९, म्हणजे २० बिट. तीन बाइटमध्ये ही नोंद बसते आणि खुणांसाठी चार बिट उरतात. सगळा तक्ता २२५३ बाइटचा. कुठल्याही साध्या मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये मावेल.

प्रत्येक बिंदूवर असं करा. फोर्सचे सगळे बिट ० ठेवा, फ्रिक्वेन्सी लिहा, कॅलिब्रेशन चालवा, लॉक होईपर्यंत थांबा आणि वर आणखी एक मिलिसेकंद थांबा. मग तिन्ही किमती वाचा. हे एकाच बिंदूवर पाच वेळा करा. दोनदा खालून वर येताना, दोनदा वरून खाली येताना आणि एकदा फार लांबच्या फ्रिक्वेन्सीवरून. पाच वाचनांचा मध्यक घ्या. सरासरी नको, कारण एखादं भलतंच वाचन सरासरीला ओढून नेतं. एक-दोन पायऱ्यांचा फरक नेहमीचा आहे. पाचांतली दोन वाचनं वेगळ्या कोरची निघाली तर तुम्ही दोन कोरच्या सीमेवर आहात. अशा बिंदूला खूण करा. तिथे पाचही वाचनांचा एकत्र मध्यक निरर्थक ठरतो. ज्या कोरची वाचनं जास्त आहेत तो कोर घ्या आणि मध्यक फक्त त्याच्या वाचनांचा काढा.

मधल्या फ्रिक्वेन्सींसाठी दोन नोंदींमध्ये सरळ रेषेने कोड काढता येतो, पण एका अटीवर: दोन्ही नोंदी एकाच कोरच्या असाव्यात. सीमा ओलांडून काढलेला कोड कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा असतो. आणखी एक गोष्ट. संपूर्ण कोरसाठी फक्त दोन टोकांची वाचनं घेऊन मधलं सगळं सरळ रेषेने भरण्याचा मोह होतो. कपॅसिटरच्या पायऱ्या समान असतील तर एका पायरीने होणारा फ्रिक्वेन्सीचा बदल फ्रिक्वेन्सीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८.६ ते ९.८ गिगाहर्ट्झच्या कोरमध्ये वरच्या टोकाची पायरी खालच्या टोकाच्या जवळपास दीडपट पडते. मधोमध चूक अनेक पायऱ्यांची होऊ शकते. शोधाला सुरुवातीचा इशारा म्हणून तेवढा अंदाज पुरतो, लादण्यासाठी नाही.

तक्ता एका बोर्डावर काढून सगळ्यांवर चढवू नका. चिप-चिपमध्ये कपॅसिटर आणि इंडक्टर वेगळे उतरतात. प्रत्येक बोर्डाचा तक्ता त्याचा त्यानेच बनवावा. पाच वाचनांसकट ७५१ बिंदू व्हायला काही सेकंद लागतात.

ट्यूनिंग व्होल्टेजने पडताळणी

नुसतं लॉक झालं म्हणजे कोड बरोबर, असं नाही. एक उदाहरण बारकाईने पाहू. एका कोरचा पल्ला १२०० मेगाहर्ट्झ आणि त्यात १५० कोड आहेत असं धरा. सरासरी पायरी ८ मेगाहर्ट्झची. व्हॅरॅक्टरची संवेदनशीलता एका व्होल्टला ८० मेगाहर्ट्झ असेल, तर एक पायरी चुकली की ट्यूनिंग व्होल्टेज ०.१ व्होल्टने सरकतं. आपण १.० ते २.० व्होल्टची खिडकी चांगली मानली, तर त्यात दहा पायऱ्या बसतात. म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीला दहा वेगवेगळे कोड लॉक होतील आणि लॉक झालं का ते सांगणारी लॉक डिटेक्टची तार दहाही वेळा ‘ठीक’ सांगेल. त्यांतला मधला एकच आपल्याला हवा आहे.

म्हणून तक्ता झाल्यावर प्रत्येक नोंद लादून ट्यूनिंग व्होल्टेज मोजा. काही चिप ते आतल्याच एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या कन्व्हर्टरने) वाचून देतात. मॅक्सिमच्या मॅक्स २८७१ मध्ये तशी सोय आहे. चिपमध्ये नसेल तर लूप फिल्टरवर मोजावं लागतं, आणि तिथे प्रोबच घोटाळा करतो. १० मेगओमचा प्रोब १.५ व्होल्टवर १५० नॅनोअँपिअर ओढतो. बंद लूपमध्ये चार्ज पंप ते भरून काढतो, फक्त पीएफडीच्या अंतरावरचे स्पर (मुख्य सिग्नलच्या बाजूला उमटणारे नको असलेले सिग्नल) वाढलेले दिसतात. पण चार्ज पंप तोडलेला असेल आणि एकूण कपॅसिटन्स १० नॅनोफॅरड असेल, तर व्होल्टेज दर मायक्रोसेकंदाला १५ मायक्रोव्होल्ट घसरतं. ८० मेगाहर्ट्झच्या संवेदनशीलतेला हे १.२ किलोहर्ट्झ झालं. शंभर मायक्रोसेकंदांत १२० किलोहर्ट्झ. चिप सरकते आहे असं वाटतं, आणि सरकवणारा प्रोब असतो. फारच कमी इनपुट करंटचा, जेएफईटी इनपुटचा ऑपॲम्प बफर म्हणून मध्ये घाला.

मोजलेलं व्होल्टेज खिडकीच्या मध्यापासून ०.१५ व्होल्टपेक्षा दूर असेल तर कोड एकेक पायरीने सरकवून जवळ आणा. कोड वाढला की फ्रिक्वेन्सी कुठल्या दिशेने जाते ते चिपप्रमाणे बदलतं. एलएमएक्स २५९४ मध्ये कोड वाढला की फ्रिक्वेन्सी उतरते.

ॲम्प्लिट्यूडच्या कोडकडे लोक दुर्लक्ष करतात. तो फार कमी असेल तर फेज नॉइज बिघडतो आणि थंडीत ऑसिलेटर सुरूच न होण्याचा धोका असतो. शिवाय ॲम्प्लिट्यूड बदलली की व्हॅरॅक्टरचा सरासरी कपॅसिटन्स थोडा बदलतो, म्हणजे फ्रिक्वेन्सीही सरकते. तेव्हा जी ॲम्प्लिट्यूड लादणार, तिच्यासोबतच कपॅसिटर कोडची पडताळणी करा.

लिहिण्याचा क्रम

इथेच खरी मेख आहे. नवा एन भाजक (व्हीसीओची फ्रिक्वेन्सी ज्याने भागून संदर्भाशी तुलना होते तो आकडा) आधी लिहिला आणि कपॅसिटर कोड पाच मायक्रोसेकंदांनी पोहोचला, तर मधल्या काळात व्हीसीओ जुन्याच बँडमध्ये असतो. लूपला प्रचंड चूक दिसते आणि चार्ज पंप एकाच दिशेने करंट ढकलत राहतो. ५ मिलिअँपिअरचा पंप पूर्ण वेळ सुरू राहिला, तर १० नॅनोफॅरडवर पाच मायक्रोसेकंदांत २.५ व्होल्टचा बदल होतो. ट्यूनिंग व्होल्टेज टोकाला आपटतं. मग योग्य कोड आला तरी लूपला आधी ते परत आणावं लागतं, आणि वाचवलेला सगळा वेळ त्यात जातो. ऑसिलोस्कोपवर हे अगदी स्पष्ट दिसतं: सपाट रेषेऐवजी आधी एक उंच शिंग आणि मग उतार.

यावर तीन उपाय आहेत. चिपमध्ये दुहेरी बफर असेल तर सगळी रजिस्टर आधी भरा आणि एकाच शेवटच्या शब्दाने ती एकदम अमलात आणा. हा सर्वांत स्वच्छ मार्ग. ते नसेल तर आधी चार्ज पंप हाय-इम्पीडन्स करा, म्हणजे तोडा, कोर, कोड, ॲम्प्लिट्यूड आणि भाजक लिहा, मग पंप जोडा. यात दोन शब्द जास्त लागतात, पण ट्यूनिंग व्होल्टेज आधी होतं तिथेच राहतं. तक्त्यातले सगळे कोड मध्यावरच्या व्होल्टेजला जुळवलेले असल्याने नवी फ्रिक्वेन्सीही जवळपास त्याच व्होल्टेजवर येते, म्हणून लूपला फारसं काम उरत नाही. तिसरा उपाय म्हणजे शब्दांचा क्रम असा लावणं, की कोड आणि भाजक अगदी लागोपाठ जातील आणि न बदललेली रजिस्टर पुन्हा लिहिलीच जाणार नाहीत. मागची लिहिलेली किंमत मायक्रोकंट्रोलरमध्ये जपून ठेवा आणि फरक असेल तेवढंच पाठवा. एकाच कोरमध्ये उडी असेल तर कोरचा शब्द वाचतो.

कॅलिब्रेशन सुरू करणारं बिट ० आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहा. काही चिपमध्ये ते रजिस्टर शून्यातच असतं आणि दुसरं काहीतरी बदलताना नकळत १ लिहिलं जातं. कोड लादलेले असूनही वेळ कमी होत नसेल तर पहिला संशय इथे घ्या.

तापमान

लादलेला कोड म्हणजे एका तापमानाला लॉक करून मग न छेडता दुसऱ्या तापमानाला नेलेला व्हीसीओच. वरच्याच उदाहरणात १० गिगाहर्ट्झचा व्हीसीओ अंशागणिक १०० पीपीएमने (दहा लाखात शंभर भागांनी) खाली सरकतो असं धरा. एका अंशाला १ मेगाहर्ट्झ. ४० अंशांच्या वाढीला ४० मेगाहर्ट्झ, म्हणजे ट्यूनिंग व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने वर. मध्य १.५ आणि कड २.० असेल तर खिडकी नेमकी संपते. म्हणजे चिपच्या २५ अंशांना काढलेला तक्ता या हिशोबाने उणे १५ ते ६५ अंशांपर्यंत चालेल आणि पुढे कडेला लागेल. तुमच्या चिपचा खरा उतार गरम पेटीत ठेवून काढा. तीन फ्रिक्वेन्सी आणि तीन तापमानं एवढ्यावर भागतं, पण प्रत्येक कोरसाठी वेगळं.

उतार कळला की दुरुस्ती सोपी आहे. पायरी ८ मेगाहर्ट्झची आणि उतार अंशाला १ मेगाहर्ट्झ, तर दर ८ अंशांना एक पायरी. तापमान सेन्सर सेकंदातून एकदा वाचा, फरकाला ८ ने भागा आणि तेवढा कोड तक्त्यातल्या आकड्यात मिळवा किंवा वजा करा. फार पायऱ्या सरकवण्यापेक्षा उणे २०, २५ आणि ७० अंश असे तीन तक्ते ठेवणं जास्त भरवशाचं, कारण ॲम्प्लिट्यूडचा कोडही तापमानाबरोबर बदलतो. तापमान अगदी सीमेवर असेल तर दुरुस्ती सारखी इकडून तिकडे उडू नये म्हणून दोन-तीन अंशांचा हिस्टेरिसिस, म्हणजे जाता-येतानाच्या सीमांमध्ये अंतर, ठेवा.

खरा वेळ मोजणं

लॉक डिटेक्टच्या तारेवर स्विचिंगचा वेळ मोजू नका. ती फेजच्या ढोबळ फरकावर चालते. काही चिपमध्ये तर ती फक्त ट्यूनिंग व्होल्टेज मर्यादेत आहे आणि कॅलिब्रेशन सुरू नाही, एवढंच सांगते.

दुसऱ्या स्थिर सिग्नल जनरेटरशी मिक्स करून फरकाची फ्रिक्वेन्सी सुमारे ५० मेगाहर्ट्झवर आणा, ऑसिलोस्कोपने सेकंदाला ५० कोटी नमुने घ्या आणि ट्रिगर चिप-सिलेक्टच्या शेवटच्या चढत्या कडेवर ठेवा. दोन्ही उपकरणं एकाच १० मेगाहर्ट्झ संदर्भाला बांधलेली हवीत. नमुन्यांवरून फेज काढा. तिचा उतार म्हणजे फ्रिक्वेन्सी. १ किलोहर्ट्झची चूक १० मायक्रोसेकंदांत फक्त ३.६ अंश फेज जमवते, म्हणून त्याहून लहान तुकड्यात १ किलोहर्ट्झ पाहण्याचा अट्टहास करू नका. जिथे सुसंगत फेज लागते तिथे फ्रिक्वेन्सीऐवजी फेज किती अंशांत स्थिरावते तेच बघा, तो वेळ नेहमी जास्त निघतो.

उड्यांच्या जोड्या निवडताना सोप्या घेऊ नका. सर्वांत खालून सर्वांत वर, सीमेवरच्या दोन शेजारच्या कोरमध्ये, आणि एकाच कोरच्या दोन टोकांमध्ये, दोन्ही दिशांनी. चढती आणि उतरती उडी सारखा वेळ घेत नाही, कारण चार्ज पंपचे वरचे आणि खालचे करंट टोकांजवळ वेगळे वागतात.

बिघाड कसे ओळखावेत

लॉक होतो पण स्पर वाढलेले: ट्यूनिंग व्होल्टेज कडेला आहे, पंपचे दोन करंट तिथे जुळत नाहीत. कोड मध्यावर आणा.

सकाळी चालतं आणि दुपारी एखादीच फ्रिक्वेन्सी लॉक होत नाही: ती फ्रिक्वेन्सी कोरच्या टोकाजवळची आहे, तापमानाने खिडकी ओलांडली. तिच्यासाठी शेजारचा कोर वापरून नवी नोंद घ्या.

स्वयंचलित शोधात चालतं, लादल्यावर फेज नॉइज बिघडतो: ॲम्प्लिट्यूडचं फोर्स बिट लावलेलं आहे, पण किंमत मागच्या फ्रिक्वेन्सीचीच राहिली आहे.

पहिली उडी मंद, पुढच्या सगळ्या जलद: चार्ज पंप बराच वेळ बंद असताना ट्यूनिंग व्होल्टेज गळून खाली आलेलं असतं. गळती शोधा, बोर्डावर उरलेला फ्लक्स हे फार नेहमीचं कारण आहे. पिनेच्या आजूबाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा मोजा.

दोन-तीन मायक्रोसेकंदांत बदल हवा असेल तर एका लूपकडून ते निघणार नाही. तिथे दोन सिंथेसायझर ठेवून आलटून पालटून वापरतात: एक काम करत असताना दुसरा पुढच्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावतो आणि आरएफ स्विच बाजू बदलतो. मग तक्त्याचीही गरज फारशी उरत नाही. स्विचचं आयसोलेशन मात्र पुरेसं हवं, नाहीतर तयार होत असलेल्या सिंथेसायझरचा सिग्नल चालू सिग्नलमध्ये झिरपतो.

शेवटी फर्मवेअरमध्ये एक परतीची वाट ठेवा. तक्त्याला सीआरसी (डेटा बिघडला का ते पकडणारा तपासणीचा आकडा) लावा आणि सुरू होताना तपासा. जुळला नाही तर लादणं बंद, स्वयंचलित शोध सुरू. प्रत्येक उडीनंतर जमेल तेव्हा ट्यूनिंग व्होल्टेज वाचा. एखादी नोंद लागोपाठ दोनदा खिडकीबाहेर गेली तर राखून ठेवलेल्या चार बिटांपैकी एकाने तिला खूण करा, पुढच्या मोकळ्या वेळेत त्या एकाच बिंदूवर पूर्ण कॅलिब्रेशन चालवा आणि नवे आकडे तापमानासकट रॅममधल्या प्रतीत लिहा. फ्लॅशमध्ये मात्र लगेच लिहू नका. दिवसभरात दहा वेळा बदललेली नोंद कोडची नसून थर्मल पॅडखाली नीट न बसलेल्या सोल्डरची तक्रार असू शकते.